रेघेवरची गावं

आक्काला नागपूरला दिली, त्याला यंदा एकोणचाळीस वर्षं झाली. १९८६ साली आमच्या मंगळवार पेठेतल्या मुली सासरी जायच्या त्या सांगलीला, कराडला, इचलकरंजीला. फार तर निपाणी-बेळगावला. पुण्याला दिली तरी शेजारच्या बायका ‘लांब दिली गं’ म्हणून हळहळायच्या. नागपूर म्हटल्यावर त्या नुसत्याच आईकडे बघत राहिल्या.

वडील एसटीत वाहक होते. त्यांचं जग टप्प्यांनी मोजलेलं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि टप्प्यावर तिकीट. सोयरीक पक्की झाली त्या रात्री त्यांनी जुन्या वेबिलाच्या पाठीवर आकडेमोड केली आणि आईला सांगितलं, ‘एकशेचाळीस टप्पं व्हत्यात.’ आईला टप्प्यांतलं काही कळत नव्हतं. तिनं विचारलं, ‘म्हंजे किती दिवस?’

अंतराविषयी इतका नेमका प्रश्न मी त्यानंतर कुणाकडून ऐकला नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा महाराष्ट्र एक्स्प्रेस हे होतं. ही गाडी आजही कोल्हापूरहून गोंदियापर्यंत जाते. एकाच राज्याच्या हद्दीत राहून तेराशे किलोमीटरहून जास्त धावणारी, देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आम्हाला तिचा अभिमान कधी वाटला नाही. मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा असा सगळा महाराष्ट्र डावीकडून वळसा घालून ती नागपूरला पोचते. मध्ये एक अख्खी रात्र जाते आणि दुसरा दिवसही बराचसा सरतो. नकाशात पाहिलं तर कोल्हापूर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आणि नागपूर ईशान्येला. या दोन कोपऱ्यांना जोडणारा तिरपा रस्ता रेल्वेजवळ नव्हता.

१९९४ च्या जानेवारीत वडील संध्याकाळी गेले. शेजाऱ्यांच्या फोनवरून रात्री नागपूरला एसटीडी लागला. आक्का दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आली. तोवर रक्षाविसर्जनाची बोलणी सुरू झाली होती. आम्ही थांबलो नव्हतो, थांबता आलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि वडिलांच्या खुंटीवरच्या चामडी पिशवीकडे बघत राहिली. आई तेव्हा काही बोलली नाही. पण त्यानंतर ‘लांब दिली’ हे शब्द तिनं कधीही उच्चारले नाहीत. दुसऱ्या कुणी उच्चारले तर ती उठून आत जायची.

*

मे २०२५ मध्ये कोल्हापूरहून नागपूरला थेट विमान सुरू झालं. स्टार एअरनं ते सुरू केलं. ही कंपनी आमच्याच जिल्ह्यातल्या अतिग्रेच्या घोडावत उद्योगसमूहाची. विमान एम्ब्रेयर १७५, आसनं शहात्तर, एका ओळीत फार तर दोन आणि दोन, म्हणजे मधली खुर्ची कुणाच्याच नशिबी येत नाही. बातमी वाचल्यावर मी शाळेतल्या मुलाचा नकाशा मागून घेतला, पट्टी ठेवली आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारली. नंतर दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून नीट गणित केलं. कोल्हापूरपासून नागपूर साडेचार अंशांच्या जवळपास उत्तरेला आहे आणि पावणेपाच अंश पूर्वेला. पृथ्वीच्या गोलाईसकट हे अंतर भरतं सातशे किलोमीटर, वर एक-दोन. वैमानिकांच्या भाषेत सुमारे तीनशे ऐंशी सागरी मैल.

सागरी मैलाचं मला फार कौतुक आहे. कुठल्या राजाच्या पावलावरून किंवा हातावरून तो ठरलेला नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मोजपट्टी पृथ्वीच्याच अंगातून काढलेली. आणि रेखांशाकडून बघितलं तर हेच अंतर वेळेतही सांगता येतं: सूर्य नागपूरच्या माथ्यावर कोल्हापूरच्या एकोणीस मिनिटं आधी येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच असलं तरी आक्काच्या अंगणातली दुपार आमच्यापेक्षा तेवढी पुढे असते, आणि गेली एकोणचाळीस वर्षं ती तशीच पुढे आहे.

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून नागपूरला रस्त्यानं जेवढं जावं लागतं, जवळपास तेवढीच कोल्हापूर-नागपूर ही हवेतली रेघ आहे. आकडे जुळले हा निव्वळ योगायोग. पण तो पाहून पहिल्यांदा मला जाणवलं की नागपूर आम्हाला मुंबईकरांपेक्षा मुळात फार दूर नव्हतंच. आमच्याकडे जायची वाट नव्हती, एवढंच.

थेट विमान नव्हतं तेव्हा विमानानं जायचं तर मुंबई गाठावी लागे. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं वर, तेही नागपूरकडे पाठ करून वायव्येला. मग तिथून नागपूर जवळजवळ सातशे. हजार किलोमीटरचा प्रवास, आणि दोन विमानांच्या मध्ये मुंबईच्या विमानतळावर घालवावे लागणारे तास वेगळे. नाहीतर रात्रभर एसटीनं पुणे आणि पहाटे तिथून विमान. आमच्यासारख्या घरांनी हे दोन्ही पर्याय लग्न आणि मयत सोडून कधी विचारात घेतले नाहीत.

आता ती रेघ. तिच्यावर कोणती गावं येतात हे मी एकेक करून तपासलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

उजळाईवाडीहून निघालेली रेघ सांगलीच्या अगदी शेजारून कृष्णा ओलांडते. सांगोल्याच्या जवळून पुढे जाते आणि पंढरपुरापासून तीन-चार किलोमीटरवरून भीमा पार करते. मग धाराशिव आठ-नऊ किलोमीटरवर. अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ तेवढ्याच अंतरावर डाव्या हाताला. आणि मग थेट गंगाखेड. गोदावरीच्या काठचं, जनाबाईचं गाव. तिथून पूर्णा जंक्शनच्या बाजूनं वसमत. पुसद आणि उमरखेडच्या मधून पैनगंगेच्या खोऱ्यातून विदर्भात पाऊल, मग आर्णी, यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब, आणि नागपूरच्या अलीकडे सेवाग्राम. पंढरपूर, परळी, गंगाखेड, सेवाग्राम. दोन विमानतळांच्या मध्ये पट्टीनं मारलेल्या रेघेवर ही नावं ओळीनं येतील असं कुणी आधी सांगितलं असतं, तर माझा विश्वास बसला नसता.

*

ऑगस्टमध्ये मी निघालो. आईनं पिशवी भरली. कांदा-लसूण चटणीचा डबा, एक किलो गुळाची ढेप, पोह्याचे पापड आणि सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या. खोबरं विमानात चालत नाही हे तिला पटेना. खोबऱ्यात तेल असतं, ते कोंडलेल्या जागी तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते सामानात न्यायला बंदी आहे. मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिनं वाट्या काढून घेतल्या. ‘रेल्वेत कवा पेटलं नाही ते,’ एवढंच म्हणाली.

उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी तो १९३९ मध्ये सुरू केला. संस्थानी कोल्हापुरात विमान उतरलं तेव्हा देशातल्या किती तरी मोठ्या शहरांना धावपट्टी नव्हती. पुढे मात्र या विमानतळाच्या आयुष्यात मोठमोठी रिकामी वर्षं आली. विमानं सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. धावपट्टी १३७० मीटरची होती, ती वाढवून १९३० मीटर केली, रात्रीच्या उड्डाणाची सोय झाली, आणि मार्च २०२४ मध्ये नवी इमारत आली. काळ्या दगडाची, किल्ल्याच्या कमानींची. धावपट्टी वाढली नसती तर शहात्तर जणांचं जेट इथं उतरलंच नसतं. नागपूरच्या विमानाच्या वेळापत्रकातल्या दीड तासामागे अशी पंधरा-वीस वर्षांची मागणी, भूसंपादन आणि मोजणी आहे.

दीड तासाचंच आता बघू, कारण सातशे किलोमीटरला दीड तास हा हिशेब कुणालाही खटकेल. हे विमान उंचीवर ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास उडतं. मग पन्नास मिनिटांत का पोचत नाही?

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसते. दार बंद करून विमान जागेवरून हलतं तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहतं तिथवरची ती वेळ. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, परवानगीची वाट पाहणं आलं आणि कंपनीनं उशिराची शक्यता धरून आधीच घातलेली मिनिटंही आली. दुसरी गोष्ट, कोल्हापूरची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. म्हणजे आम्ही नागपूरला निघालो ते आधी पश्चिमेच्या रोखानं. मग विमान वळलं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला नवी होती. तेहेतीस हजार फुटांवर चढायला विमानाला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते दोनशेच्या आसपास किलोमीटर पुढे गेलेलं असतं. उतरताना प्रत्येक हजार फुटांमागे तीन सागरी मैल धरायचे असा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. तेहेतीस हजार फुटांना शंभर मैल होतात, म्हणजे एकशे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आधीपासून उतरायला लागायचं. सातशेतून हे वजा केलं की सपाट उड्डाणाला तीनशेच किलोमीटर उरतात. धाराशिवच्या आसपास विमान उंचीवर पोचून स्थिरावतं आणि आर्णी येण्याआधीच उतरायला लागतं. जवळच्या दोन शहरांमधलं उड्डाण हे बहुतांशी चढणं आणि उतरणंच असतं. म्हणूनच ते महाग पडतं: इंधन चढताना जास्त जळतं, आणि ते भरून काढायला पुढे लांबचा सपाट पल्ला मिळत नाही.

वाराही आहेच. हिवाळ्यात या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. कोल्हापूरहून नागपूरला जाताना तो पाठीवर तिरपा येतो आणि चार-पाच मिनिटं वाचवतो. परतताना तेवढीच काढून घेतो. पावसाळ्यात वरचा वारा उलटतो, पूर्वेकडून येतो. खाली जमिनीवर नैर्ऋत्येचा पाऊस आणि वर बरोबर उलट्या दिशेचा वारा. आम्ही त्या वाऱ्याला समोरून भिडत चाललो होतो. उंचीचीही शिस्त असते. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांवर, पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवर. जाताना तेहेतीस हजार तर येताना बत्तीस किंवा चौतीस. एसटीच्या भाषेत, जाणारी गाडी डावीकडून आणि येणारी उजवीकडून. वडिलांना हे सांगायला हवं होतं, त्यांना आवडलं असतं.

आणि शेवटची गोष्ट: विमान माझ्या पेन्सिलीच्या रेघेवरून जात नाही. आकाशात ठरलेल्या वाटा असतात, त्यांना नावं आणि क्रमांक असतात, वळणाचे बिंदू असतात. लष्कराच्या राखीव जागा टाळाव्या लागतात. नियंत्रण कक्ष सांगेल तसं इकडेतिकडे व्हावं लागतं. रेघ ही किमान, त्याहून कमी अंतर असूच शकत नाही. प्रत्यक्षातलं अंतर त्याहून थोडं जास्त.

मी खिडकीशी होतो. चढताना पंचगंगेचं लाल पाणी दिसलं, ऊस दिसला, पुराच्या खुणा अजून शेतांत होत्या. मग ढग. पंढरपूर कधी गेलं कळलं नाही. अधूनमधून ढग फाटायचे आणि खाली कुठली तरी नदी वळण घेऊन जाताना दिसायची. ती भीमा की सीना हे मी ठरवू शकलो नाही. शेजारच्या खुर्चीत नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी मूळची गडहिंग्लजची मुलगी होती. तिनं आधी दोन वर्षं रेल्वेनं येजा केली होती. विमानाचं तिकीट परवडतं का, असं मी विचारलं. ‘दरवेळी नाही काका,’ ती म्हणाली. ‘परीक्षा संपली की रेल्वे. घरी कुणाला बरं नसलं की विमान.’

आक्काच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा घरातून निघाल्याला पाच तासही झाले नव्हते. तिच्या तोंडची भाषा आता अर्धी कोल्हापूरची, अर्धी वऱ्हाडी-नागपुरी झाली आहे. ‘अरे, सकाळी तर तू घरूनच बोलून राहिला होतास माझ्याशी,’ ती म्हणाली, आणि मग मला आत घ्यायचं विसरून दारातच रडायला लागली. ती कशासाठी रडत होती ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

*

नागपूरला अंतराची जुनी सवय आहे. तिथं झिरो माइलचा दगडी खांब आहे, चार घोड्यांसकट. १९०७ सालच्या भूमापनाशी तो जोडलेला आहे. त्याहून मला भावते ती इथली मध्यरात्रीची टपाल विमानं. स्वातंत्र्यानंतर रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावला एकत्र येत. तिथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. रात्री मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. १९७३ पर्यंत हे चाललं. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका सुंदर उपयोग दुसरा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. त्या विमानांत थोडे प्रवासीही बसत, पण मुख्य मान पत्रांचा होता. पत्र आधी, माणूस नंतर.

कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात तर त्याहून जुनं नातं आहे, आणि ते दोन्ही विमानतळांशी जोडलेलं आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद झाली. शाहू महाराज तिथं आले आणि तरुण डॉ. आंबेडकरांच्या हाती अस्पृश्य समाजाचं नेतृत्व असल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. दोनच महिन्यांनी, ३० मे ते १ जून या काळात, नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष शाहू महाराज. त्या काळी कोल्हापूरची रेल्वे मीटरगेज होती, पुण्याला गाडी बदलावी लागे. मे महिन्याच्या अखेरीस नागपूर म्हणजे भट्टी. तरी राजा गेला. आज नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, कोल्हापूरचा विमानतळ शाहूंच्या मुलानं, राजाराम महाराजांनी, बांधलेला आहे. दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंमध्ये कोल्हापूर, सांगलीची माणसं असतात, गाडीत मिळेल तिथं बसून, सतरंज्या टाकून आलेली. या दोन शहरांमधलं अंतर कमी करण्याचं काम त्या माणसांनी विमानाच्या किती तरी आधी सुरू केलं होतं.

अंतराचा आणि न्यायाचाही संबंध आहे. नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ राज्याच्या स्थापनेपासून आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकं मागणी केल्यावर, मी निघालो त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. तोवर शाहूवाडीच्या किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याला वाटणीच्या खटल्यासाठी मुंबई गाठावी लागायची. तारीख पडली की दोन दिवस आणि दोन दिवसांचा खर्च. आईचाच प्रश्न: म्हणजे किती दिवस?

या विमानाबद्दल एक काळजी मला वाटते, ती लिहायलाच हवी. छोट्या शहरांना विमानानं जोडणारी ‘उडान’ योजना २०१६ मध्ये आली. तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी सुरुवातीची कल्पना होती आणि तूट सरकार तीन वर्षं भरून देणार होतं. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे. मंजूर मार्ग ७७४, सुरू झाले ३७१, तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यापुढे टिकले ५४. छोट्या विमानतळांमधलं विमान हे आंब्याच्या मोहोरासारखं आहे. फुलतं सगळीकडे, धरतं फार थोडं. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, विमानांचं वेळापत्रक बदलतं, आणि छोट्या शहरांची माणसं आपलं विमान त्यात आहे का हे धडधडत्या छातीनं बघतात.

*

परत येताना मी मुद्दाम रेल्वे धरली. आठवड्यातून दोनदा धावणारी कोल्हापूर-नागपूर एक्स्प्रेस. ही महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी पुण्याचा वळसा घेत नाही. वर्धा, अकोला, वाशिम, हिंगोली, वसमत, पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज अशी ती येते. पूर्णेपासून पुढे ती माझ्या रेघेच्या कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असते.

ही तिरपी वाट सगळी ब्रॉडगेज व्हायला २०१०च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. त्याआधी मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी रुळांची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा तिचा पहिला तुकडा सुरू केला. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. वारकऱ्यांची गाडी. पूर्णा-अकोला हा मार्ग मीटरगेज होता. म्हणजे आक्काचं लग्न झालं तेव्हा रूळ होते, पण तीन मापांचे, आणि त्यामुळे तिरपी गाडी निघणं शक्यच नव्हतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा लोहमार्ग तर बराचसा माझ्या रेघेला समांतर आहे. वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा त्याचा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पुढचं काम चालू आहे.

आणि प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग. मूळ आराखड्यात पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. नागपूर ते गोवा अठरा तासांचे आठ होतील असं सांगितलं जातं. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला आहे, सांगलीतल्याही. मी बहिणीपासून लांब राहण्याचं दुःख जाणतो, तरी मला त्या शेतकऱ्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. बारमाही पाण्याची जमीन एकदा डांबराखाली गेली की परत येत नाही. ज्याच्या रानातून रस्ता जातो त्याला तो रस्ता कुठं पोचवणार आहे, हे आधी त्याला विचारायला हवं. रेल्वेची ही वाट आधी दुहेरी करावी, गाडी आठवड्यातून दोनदाऐवजी रोज सोडावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. विमानात शहात्तर माणसं बसतात. या गाडीच्या एका डब्यातच साधारण तेवढी मावतात.

रात्री वसमतला एक नवरा-बायको चढले, सोबत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. कोल्हापूरला त्याला पॉलिटेक्निकला ठेवायला निघाले होते. एक पत्र्याची पेटी, एक गादी, हळदीची पिशवी. वसमतची हळद नावाजलेली. मी नागपूरहून येतोय म्हटल्यावर तो गृहस्थ म्हणाला, ‘आता विमान हाय म्हणं तुम्हाला.’ मी त्यांना सांगितलं की नागपूर-कोल्हापूर सरळ रेघ मारली तर ती वसमतवरूनच जाते. त्यांनी मुलाला जागं करून ते सांगितलं. मुलानं मोबाइलवर नकाशा काढला, बोटानं रेघ ओढली आणि मान हलवली. मग त्या बाईंनी मला विचारलं, ‘दादा, कोल्हापूर किती दूर हाय हो? पोराला दिवाळीला येता येईल ना?’ त्यांच्या जवळचा विमानतळ म्हणजे नांदेड. लातूर, धाराशिव, यवतमाळला धावपट्ट्या आहेत, नियमित प्रवासी विमान मात्र नाही. मी म्हटलं, एका रात्रीचं अंतर आहे, गाडी असेल त्या दिवशी. त्यांनी ते तसंच्या तसं मुलाला सांगितलं, ‘एका रात्रीचं हाय बघ.’

गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तेव्हा डब्यात सगळे झोपले होते. पंढरपूरला उजाडलं. फलाटावर टाळ घेतलेली पाच-सहा माणसं उतरली. मी दारात उभा राहून पाय मोकळे केले. माझ्या डोक्यावर, जवळच कुठे तरी ती रेघ होती.

दुपारी घरी आलो. आईनं आक्काची, दाजींची, नातवंडांची चौकशी केली. जायला किती लागलं आणि यायला किती, हे विचारून घेतलं. मग मला वेळापत्रक वाचायला लावून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या. विमान असेल त्या दिवशी ‘वि’, तिरपी गाडी असेल त्या दिवशी ‘गा’. तिला आता नीट दिसत नाही, अक्षरं चौकटीबाहेर गेली आहेत. भाऊबीजेच्या दिवशी दोन्ही नाही. आदल्या दिवशी ‘वि’ आहे. त्या चौकटीत तिनं आक्काचं नाव लिहिलंय, माहेरचं, आडनावासकट, आणि सुक्या खोबऱ्याच्या त्या सहा वाट्या डब्यात घालून खाली ठेवल्या आहेत.